तारेच्या लांबीएवढं आयुष्य

१९५०च्या दशकात पेसमेकरवरचा रुग्ण जगायचा खरा, पण भिंतीतल्या प्लगपासून तार पोहोचेल तेवढ्याच अंतरात. बोस्टनच्या डॉ. पॉल झोल यांनी १९५२ मध्ये छातीवरून विजेचे धक्के देऊन हृदय चालतं ठेवून दाखवलं. त्या धक्क्यांनी कातडी पोळायची. १९५७ मध्ये मिनिआपोलिसची वीज गेली, तेव्हा शल्यविशारद लिलेहाय यांनी अर्ल बाकन यांना बॅटरीवरचं यंत्र मागितलं. गॅरेजात दुरुस्तीचं काम करणाऱ्या बाकननी मासिकात छापलेल्या मेट्रोनोमच्या (तालाचे ठोके देणाऱ्या यंत्राच्या) सर्किटवरून ते बनवलं. रुग्णाची तारेतून सुटका झाली, पण डबी गळ्यातच राहिली.

ती शरीरात गेली ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्टॉकहोममध्ये. रुग्ण अर्ने लार्सन त्रेचाळीस वर्षांचा. नाडी इतकी मंद, की दिवसातून वीस-तीस वेळा शुद्ध हरपायची. यंत्र अजून तयार नाही, असं शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्त सांगत होते. लार्सनची बायको एल्स-मारी ऐकेना. (वैद्यकाच्या इतिहासात अशा हट्टी बायकांना दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही.) अखेर एल्मक्विस्तनी दोन ट्रान्झिस्टर आणि रिचार्ज होणाऱ्या बॅटऱ्या इपॉक्सीत ओतल्या. साचा म्हणून बुटाच्या पॉलिशची डबी वापरली. पहिलं यंत्र काही तासांत बंद पडलं, दुसरंही फार टिकलं नाही.

पुढची कहाणी बॅटरीचीच. पाऱ्याच्या बॅटऱ्या दोन-एक वर्षांत संपायच्या, की पुन्हा टेबलावर. १९७० मध्ये पॅरिसमध्ये चक्क प्लुटोनियमवर चालणारा पेसमेकर बसवला गेला. तो दीर्घकाळ चाले, पण रुग्ण मेल्यावर त्यातल्या प्लुटोनियमचं करायचं काय, हा पेच होता. लिथियम-आयोडाइड बॅटरी आली आणि तो प्रश्न मागे पडला. आता एक यंत्र साधारण आठ-दहा वर्षं चालतं.

लार्सनला आयुष्यभरात २६ पेसमेकर लागले. मधल्या काळात त्याने नोकरी केली, प्रवास केला, आणि २००१ मध्ये वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी त्वचेच्या कर्करोगाने वारला. सेनिंग आणि एल्मक्विस्त दोघेही त्याच्याआधी गेले होते.

आता ओपीडीतले प्रश्न वेगळे असतात: मोबाइल कोणत्या खिशात ठेवू? डावा हात खांद्याच्या वर कधी नेऊ? एमआरआय चालेल का? डॉक्टर सांगतात, फोन यंत्रापासून पंधरा सेंटिमीटर लांब, हात काही आठवडे जपून, आणि पेसमेकरचं कार्ड कायम पाकिटात.