आधीच्या भाडेकरूच्या खुणा आणि तुमची अनामत

प्रतिनिधी

मे-जून महिना आला की पुण्या-मुंबईत भाड्याच्या घरांची शोधाशोध सुरू होते. कुणाची बदली झालेली असते, कुणाच्या मुलाला नव्या शहरात प्रवेश मिळालेला असतो, तर कुणाचा जुना करार संपलेला असतो. एजंट कुलूप उघडतो आणि समोर दिसते ते आदल्या आठवड्यात रिकामे झालेले घर. भिंतींवर खिळ्यांची भोके, स्वयंपाकघरात तेलाचा चिकट थर, न्हाणीघरात गळका नळ, कपाटाचे निखळलेले दार. 'ताबा देण्याआधी सगळे करून देऊ,' असे आश्वासन मिळते. घर हातचे जाईल या भीतीने आपण टोकन देऊन मोकळे होतो.

खरी अडचण अकरा महिन्यांनी उभी राहते. घर सोडताना मालक तीच भोके, तेच दार आणि तोच नळ दाखवून अनामत रकमेतून पैसे कापतो. हे नुकसान आधीच्या भाडेकरूने केले होते, हे सिद्ध करण्यासाठी आपल्या हाती काहीही नसते. म्हणूनच घर बघण्याची पहिली भेट केवळ पसंती-नापसंतीची नसते. अनामत परत मिळणार की नाही, याचा पाया तिथेच घातला जातो.

घाण आणि बिघाड यांत फरक करा

अस्वच्छ घर पाहून लगेच नाक मुरडू नये आणि चकचकीत घराला भुलूही नये. धूळ, चिकटपणा, नळावरचे क्षारांचे डाग हे एका दिवसाच्या साफसफाईने जातात. ओल, वाळवी, सदोष वायरिंग आणि तुंबलेली सांडपाण्याची नळी हे मात्र बिघाड आहेत. त्यांची दुरुस्ती खर्चिक असते आणि अनेकदा ती शेजारी किंवा सोसायटी यांच्या सहकार्यावर अवलंबून असते.

एकाच भिंतीला ताजा रंग असेल, तर त्यामागे ओल दडलेली असू शकते. नैर्ऋत्य मोसमी पावसाचा मारा प्रामुख्याने पश्चिम व दक्षिणेकडील भिंतींवर बसतो. त्या भिंती, खिडक्यांचे कोपरे आणि सर्वांत वरच्या मजल्यावरील घर असल्यास छत नीट पाहावे. शक्य असेल तर एक भेट पाऊस पडून गेल्यावर द्यावी.

पाहणी करताना

घर नेहमी दिवसाउजेडी पाहावे आणि वीज व पाणी सुरू असतानाच पाहावे. 'मीटर बंद आहे, नंतर दाखवतो,' असे सांगितल्यास दुसरी भेट ठरवावी. पुढील बाबी स्वतः तपासाव्यात :

* सर्व नळ एकाच वेळी सोडून पाण्याचा दाब पाहावा. फ्लश चालवावा, मोरीतून पाणी किती वेळात उतरते ते पाहावे.
* सिंकखालचे कपाट उघडावे. झुरळे, कुजलेले लाकूड आणि गळती तिथे सर्वप्रथम सापडते.
* दारांच्या चौकटी बोटाने ठोकून पाहाव्यात. पोकळ आवाज किंवा मातीच्या बारीक रेषा ही वाळवीची लक्षणे होत.
* फर्निचरसह घर असल्यास गादीची शिवण व पलंगाचे सांधे पाहावेत. तिथले काळपट ठिपके ढेकणांची खूण असते.
* प्रत्येक बटण व प्लग चालवून पाहावा. गिझर, पंखे, खिडक्यांच्या कड्या विसरू नयेत.
* शेजाऱ्यांना पाण्याची वेळ विचारावी आणि आधीचे लोक का गेले, हेही विचारावे.

आधीच्या भाडेकरूने मागे ठेवलेली थकबाकी डोळ्यांना दिसत नाही. वीज, पाइप गॅस आणि सोसायटीची देणी भरल्याच्या अलीकडच्या पावत्या मागाव्यात. ताब्याच्या दिवशी वीजमीटरच्या आकड्याचे छायाचित्र घ्यावे. जुन्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत हे कळत नसल्याने मुख्य दाराचे कुलूपही बदलून घ्यावे.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात बहुतेक घरे 'लिव्ह अँड लायसन्स' पद्धतीने दिली जातात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

'लायसन्स' या संकल्पनेचा मूळ आधार भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ हा आहे. त्याच्या कलम ५७ नुसार, राहणाऱ्याच्या जिवाला वा मालमत्तेला धोका ठरू शकेल असा दोष मालकाला ठाऊक असेल आणि राहणाऱ्याला ठाऊक नसेल, तर तो उघड करणे मालकावर बंधनकारक आहे. विजेचा धक्का देणारा गिझर किंवा सुटत आलेले छताचे प्लास्टर अशा दोषांत मोडू शकते.

दैनंदिन दुरुस्त्यांची विभागणी मात्र करारावरच अवलंबून असते. २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरार कायद्यातील यादी त्यासाठी नमुना म्हणून उपयोगी पडते. त्यात रंगसफेदी, नळवाहिन्या बदलणे आणि वायरिंग मालकाकडे, तर नळाचे वॉशर, बटणे, कुलपे आणि खिडक्यांच्या काचा भाडेकरूकडे सोपवल्या आहेत. राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक नसावी, असेही त्यात आहे. मात्र राज्याने स्वीकारल्यावरच तो कायदा तिथे लागू होतो.

कागदावर आणा

तोंडी आश्वासनाला घर सोडताना किंमत उरत नाही. करारासोबत घराच्या स्थितीची यादी जोडावी. खोलीनिहाय वस्तू, त्यांची अवस्था आणि आधीपासून असलेले नुकसान त्यात नमूद करून दोघांनी सह्या कराव्यात. कोणती दुरुस्ती कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत करणार, हे लिहावे. 'नेहमीच्या वापराने होणारी झीज अनामतीतून वजा केली जाणार नाही,' हे वाक्य करारात आवर्जून घालावे. सामान आत नेण्यापूर्वी रिकाम्या घराची छायाचित्रे व चित्रफीत काढून ती त्याच दिवशी मालकाला ई-मेलने पाठवावीत. वाद उद्भवल्यास तारखेसह पुरावा हाती राहतो.

मालकांसाठीही ही यादी तितकीच हिताची आहे. नव्या भाडेकरूने खरोखरच नुकसान केले, तर तिच्याच आधारे भरपाई मागता येते. दुरुस्ती स्वतः करण्याची तयारी असेल, तर भाड्यात किंवा पहिल्या महिन्यात सवलत मागण्यास संकोच करू नये. तीही करारात लिहून घ्यावी. एवढ्या साध्या मागण्यांना मालक टाळाटाळ करीत असेल, तर भाडे कितीही कमी असले तरी दुसरे घर पाहिलेले बरे.