जाड ऑइलवाल्यांचा पूर्वपक्ष

अमेरिकेत पेट्रोल पिकअप बाळगणाऱ्यांमध्ये एक मत इतकं घट्ट बसलं आहे की त्याविरुद्ध बोलणाराच भोळा ठरतो. मत असं: कंपन्या हल्ली ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-२० असं पाण्यासारखं ऑइल सांगतात, ते इंजिनच्या भल्यासाठी नाही, सरकारच्या मायलेज-नियमांसाठी. तेव्हा शहाण्याने मॅन्युअल बाजूला ठेवावं आणि जाड ऑइल घालावं. डॅलस-ह्यूस्टनकडे राहणाऱ्या मराठी माणसाला हे चटकन पटतं. २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० हे आकडे तो गावाकडच्या गॅरेजमध्ये ऐकत मोठा झालेला असतो, आणि टेक्सासचा उन्हाळाही काही महाबळेश्वरचा नसतो.

या पूर्वपक्षात खरं किती, ते आधी मान्य करू. सरासरी मायलेजचा कायदा अमेरिकेत १९७५ साली झाला आणि पातळ ऑइलकडे वळण्यामागे तो आहेच. ३०वरून २०च्या ग्रेडवर आल्याने वाचणारं इंधन टक्का-अर्धा टक्काच. मालकाला ते जाणवत नाही, पण लाखो गाड्या विकणाऱ्या कंपनीच्या हिशेबात ते मोठं असतं. शिवाय १५० अंश सेल्सिअसला जोरात घासलं जाताना ऑइल किती जाड राहावं याची जी किमान मर्यादा एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकात आहे, ती २० ग्रेडला २.६, तर ०डब्ल्यू-४०ला ३.५ सेंटिपॉइज आहे. म्हणजे तापलेल्या बेअरिंगमध्ये जाड ऑइलचा थर अधिक जाड असतो, हेही खरं.

इथवर वाद नाही. मात्र कंपनीला मायलेज हवं होतं, एवढ्यावरून इंजिनचं नुकसान होतं हे सिद्ध होत नाही. हेतू दाखवला म्हणजे प्रमाण दिलं असं नव्हे. आणि नियमाखातर वाटेल ते होत असतं, तर फोर्डने उलटी पावलं टाकली नसती. एफ-१५०च्या ५ लिटर व्ही-८ला २०१८ साली ५डब्ल्यू-२० सांगितलं होतं. २०२१च्या मॉडेलपासून ५डब्ल्यू-३० सांगितलं. मायलेजचा नियम तेव्हाही लागू होताच. याच गाडीच्या ३.५ लिटर टर्बो इंजिनला तर आधीपासून ५डब्ल्यू-३० आहे. एकाच कंपनीत, एकाच गाडीत इंजिनागणिक ग्रेड बदलते, ती काय उगीच?

जाडवाल्यांचं सगळ्यात मोठं हत्यार आहे जनरल मोटर्सचं २०२५चं रिकॉल. सिल्व्हरॅडो, सिएरा वगैरे गाड्यांतलं ६.२ लिटर व्ही-८, मॉडेल वर्ष २०२१ ते २०२४, एकट्या अमेरिकेत सुमारे सहा लाख गाड्या. तपासणीत जी इंजिनं ठीक निघाली त्यांना ०डब्ल्यू-२०च्या जागी ०डब्ल्यू-४० घालायचं ठरलं. झालं, कंपनीनेच कबुली दिली, असा गवगवा झाला. पण कंपनीने दिलेली कारणं वाचावीत: कनेक्टिंग रॉडमध्ये आणि क्रँकशाफ्टच्या तेलवाटांत राहिलेला गाळ, क्रँकशाफ्टची मापं आणि पृष्ठभागाची सफाई ठरलेल्या मर्यादेबाहेर. दोष घडणीतला आहे. खडबडीत शाफ्टला थोडा जाड थर सांभाळून घेतो, म्हणून ४०. औषध लागू पडलं म्हणून ते नसणं हाच रोग होता, असं कोणी म्हणत नाही. त्याच कुळातलं ५.३ लिटर व्ही-८ त्याच पिकअपमध्ये तेच ०डब्ल्यू-२० पिऊन चालतं, आणि ते या रिकॉलमध्ये नव्हतं. कारण तिथे हजर आणि कार्य गैरहजर! तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गात हा हेतू नापास होईल. आणखी एक गोष्ट गवगव्यात हरवली. पहिला आकडा शून्यच राहिला. २०डब्ल्यू-५० ओतणाऱ्याला या रिकॉलमधून काडीचा आधार मिळत नाही.

हा पहिला आकडा फार जणांना चकवतो. तो थंडीतल्या वर्तनाचा आहे, दुसरा तापलेल्या इंजिनातला. ०डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० शंभर अंशांना एकाच पट्ट्यात येतात. 'उष्ण प्रदेशात शून्यवालं पातळ पडेल' ही भीती त्यामुळे निराधार आहे. उलट पाहा: चाळीस अंशांना, म्हणजे भर दुपारी उन्हात उभ्या गाडीत, ०डब्ल्यू-२०ची विष्यंदिता (जाडपणा) साधारण ४५ सेंटिस्टोक्स असते, शंभर अंशांना तापलेल्या २०डब्ल्यू-५०ची अठराच्या आसपास. ज्याला पाणी म्हणून हिणवतात ते गाडी सुरू होताना तुमच्या तापलेल्या 'जाड' ऑइलच्या दुपटीहून जाड आहे. २०डब्ल्यू-५० त्या क्षणी किती चिकट असेल, आणि वरच्या चेन-टेन्शनरपर्यंत किती सावकाश पोचेल, याचा अंदाज करावा.

मग येतो प्रेशरचा काटा. जाड ऑइल घातलं की काटा चढतो आणि मालकाला धीर येतो. काटा चढतो तो प्रवाहाला अडथळा वाढला म्हणून, आणि थंड इंजिनात पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून त्यातलं बरंचसं ऑइल परत माघारी वळतं. शाफ्टला पेलणारा दाब मात्र पंपाचा नसतो. बीचम टॉवर या इंग्रज अभियंत्याने १८८३ साली रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करताना वरच्या भोकात लाकडी बूच ठोकलं, तर ते आतल्या तेलाने बाहेर फेकलं. फिरणारा शाफ्टच तेलाला पाचरीसारखं ओढून दाब निर्माण करतो, याचं गणित ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ साली मांडलं. क्रँकशाफ्ट तरंगतो तो या दाबावर. पंपाचं काम जागेवर ऑइल पोचवण्याचं.

आजच्या इंजिनात ऑइल वंगणाखेरीज आणखी एक नोकरी करतं. व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करणारे फेजर आणि सिलिंडर बंद-चालू करणारे लिफ्टर पंपाने दिलेल्या ऑइलच्या दाबावर हलतात आणि कंपनीने त्यांची जुळणी ठरावीक ग्रेडवर केलेली असते. घरगुती बुद्धीने ग्रेड दोन पायऱ्या चढवणारा ही जुळणी मोडतो.

तरीही मॅन्युअल म्हणजे वेद नव्हे. भर उन्हाळ्यात ॲरिझोनाच्या घाटात ट्रेलर ओढणाऱ्याची तक्रार रास्त आहे. टोयोटाच्या अमेरिकी मॅन्युअलमध्येही अतिवेग किंवा अतिभार असल्यास जास्त विष्यंदितेचं ऑइल अधिक योग्य ठरू शकतं, अशी मुभा दिलेली असते. तेवढी एक पायरी चढायला माझी ना नाही.

माझा आक्षेप आहे तो ग्रेडच्या भांडणात डब्याची मागची बाजू न वाचण्याला. टर्बो आणि थेट इंधन फवारणी असलेल्या इंजिनात कमी वेगावर अवेळी स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो. कॅल्शियमयुक्त डिटर्जंट अशा स्फोटाला चिथावतं, म्हणून २०२० साली आलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी या ऑइल-वर्गात त्याची आणि टायमिंग चेनच्या झिजेची चाचणी घातली. 'ट्रकचं ते दणकट' म्हणून पेट्रोल पिकअपमध्ये डिझेलचं १५डब्ल्यू-४० ओतणारे ही चाचणी चुकवण्याचा आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी घातलेली फॉस्फरसची मर्यादा ओलांडण्याचा, असा दुहेरी धोका पत्करतात. रोज दोन-चार मैल जाऊन थांबणाऱ्या गाडीत तर न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ३०चं २० करून टाकतं. तिथे जाड ग्रेडपेक्षा ऑइल लवकर बदलणं उपयोगी.

मॅन्युअलमध्ये आहे ती ग्रेड घ्या, जड ओझं ओढत असाल आणि मुभा असेल तर एक पायरी वर जा, आणि डब्यावर एपीआय एसपी किंवा त्यापुढचा वर्ग आणि गाडीच्या कंपनीचं मानक छापलेलं नसेल तर तो डबा दुकानातच ठेवा.