फ्लॅट आपला, पण जमीन कोणाची? : मानपाड्यातून पाहिलेला सदनिका-मालकीचा इतिहास

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आपल्या ठाणे जिल्ह्यात ‘मानपाड्याला घर घेतलंय’ असं कोणी म्हणालं, की आधी विचारावं लागतं, कुठल्या? एक मानपाडा घोडबंदर रोडवरचा, येऊरच्या डोंगराखालचा. दुसरा डोंबिवली पूर्वेचा, स्टेशनकडून निघालेला मानपाडा रोड कल्याण-शीळ रस्त्याला मिळतो तिथला. एकीकडे टॉवर, पोडियम, स्विमिंग पूल. दुसरीकडे गावठाणाला चिकटून उभ्या राहिलेल्या सहा-सात मजली इमारती आणि थोडं पुढे नवी मोठी संकुलं. दोन्हीकडे रविवारी माणसं सॅम्पल फ्लॅट बघायला येतात आणि प्रश्न तेच विचारतात. कार्पेट किती? रेट काय? पार्किंग आहे का?

एक प्रश्न मात्र फारसं कोणी विचारत नाही. या इमारतीखालची जमीन पुढे कोणाच्या नावावर असणार? फ्लॅट घ्यावा की नाही, याचे फायदे-तोटे तोलायचे तर मला वाटतं काटा इथे धरला पाहिजे. आणि हे मी वकील म्हणून सांगत नाही, इतिहास वाचणारा म्हणून सांगतो.

शंभर वर्षं मागे जाऊ. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी निघाली. त्यामागे रावबहादूर तालमकी होते. त्या व्यवस्थेत घर सभासदाच्या मालकीचं नव्हतं. जमीन सोसायटीची, इमारत सोसायटीची आणि सभासद हा सोसायटीचा भाडेकरू. म्हणजे सगळ्यांनी मिळून मालक व्हायचं आणि प्रत्येकाने राहायचं. आपल्याकडे सामूहिक घराची सुरुवात जमिनीपासून झाली, भिंतींपासून नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे नेमकं हेच उलटलं.

ते कसं उलटलं? बहुतेक मुंबई तेव्हा भाड्याने राहत होती, चाळीत. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं गेलं. भाडेकरूला मोठं संरक्षण मिळालं आणि त्या काळात ते गरजेचंही होतं. पण भाड्यासाठी इमारत बांधणं परवडेनासं झालं. मग पैसेवाल्याने विचार केला, भाड्याने कशाला द्यायचं? एकेक खोली विकूनच टाकू. ‘ओनरशिप फ्लॅट’ हा शब्द १९५० च्या दशकात असा रूढ झाला. चाळीत पागडी द्यायची ती आता बिल्डरला द्यायची, एवढाच फरक लोकांना वाटला.

फसवणूक लगेच सुरू झाली. आगाऊ पैसे घ्यायचे, नकाशा बदलायचा, ताबा लांबवायचा. सरकारने चौकशी समिती नेमली आणि १९६३ साली महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा झाला. त्याला आपण ‘मोफा’ म्हणतो. बिल्डरने वीस टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याआधी नोंदणीकृत करार केला पाहिजे, हे त्यात आलं. शिवाय सोसायटी स्थापन झाली की जमीन आणि इमारत तिच्या नावावर करून दिली पाहिजे, म्हणजे कन्व्हेअन्स. नियमांत त्याला मुदत दिली चार महिने. चार महिने! किती सोसायट्यांना ते चार महिन्यांत मिळालं, ते तुमच्या वडिलांना विचारा.

१९७० साली दुसरा कायदा आला, महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा. ज्याला जगात ‘कॉन्डोमिनियम’ म्हणतात ते हे. पोर्तो रिकोने १९५८ मध्ये असा कायदा केला, १९६१ नंतर अमेरिकेत ही पद्धत झपाट्याने पसरली आणि दहा वर्षांत आपल्याकडे आली.

आता सोसायटी आणि अपार्टमेंट यांतला फरक सोपा करून सांगतो. सोसायटीत जमीन-इमारत संस्थेची असते. तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट आणि राहण्याचा हक्क. एका सभासदाला एक मत, वन-बीएचके असो की फोर-बीएचके. अपार्टमेंटमध्ये फ्लॅट थेट तुमच्या नावावर आणि जमिनीत, जिन्यात, गच्चीत तुमचा ठरावीक टक्के अविभाजित हिस्सा. खर्च त्या टक्क्यांनी आणि मतही त्या टक्क्यांनी. पुण्यात अपार्टमेंट बरीच दिसतात. मुंबई-ठाण्यात सोसायटीच जास्त. मालकी स्पष्ट हवी त्याला अपार्टमेंट बरं वाटतं, मोठ्या फ्लॅटवाल्यांचं वर्चस्व नको त्याला सोसायटी.

पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच आहे. फ्लॅट झिजतो, जमीन झिजत नाही. कर्ज वीस वर्षांचं असतं. चाळीस-पन्नास वर्षांत इमारत थकते, त्याआधीच प्लास्टर पडायला लागतं. त्या वेळी तुमच्या हातात किंमत उरते ती जमिनीची आणि तिच्यावरच्या एफएसआयची. पुनर्विकासाला बसलात की पहिला कागद मागतात तो कन्व्हेअन्सचा. तो नसेल तर मूळ बिल्डर किंवा त्याचे वारस टेबलाच्या पलीकडे येऊन बसतात. म्हणून २००८ साली मोफात दुरुस्ती करून ‘मानीव अभिहस्तांतरण’ आणावं लागलं. बिल्डर सही देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा, ते हुकूम देतील. म्हणजे १९६३ चं वचन पाळून घेण्यासाठी पंचेचाळीस वर्षांनी दुसरा रस्ता काढावा लागला.

रेरा आला, २०१६ चा कायदा, १ मे २०१७ पासून महारेरा. कार्पेटची व्याख्या पक्की झाली, खरेदीदारांचे सत्तर टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवणं आलं. मोठंच पाऊल आहे. पण घोडबंदरच्या मानपाड्यात घर घेणाऱ्याने एक बारीक कलम वाचावं. एका लेआउटमध्ये अनेक टॉवर असतील, तर जमीन सगळ्यांच्या शिखर संस्थेला मिळते ती शेवटच्या इमारतीला ओसी मिळाल्यानंतर तीन महिन्यांत. शेवटची इमारत कधी होणार? पाच वर्षांनी? पंधरा? तोवर पोरं त्या बागेत खेळतील, पण बागेखालची जमीन तुमची झालेली नसेल.

आणि त्या जमिनीचा पूर्वेतिहासही तुमच्याबरोबर येतो. १९५० च्या दशकात वनकायद्याखाली काही जमीनमालकांना नोटिसा निघाल्या होत्या. १९७५ चा खासगी वने संपादन कायदा आला. मग २००५-०६ च्या सुमारास अचानक मुलुंड-ठाण्याच्या पट्ट्यातल्या कितीतरी सातबाऱ्यांवर ‘खासगी वन’ अशी नोंद चढली, ज्यांवर तोवर लोक राहायला आले होते. २००८ मध्ये उच्च न्यायालयात लोक हरले. ३० जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज अँड बॉइसच्या प्रकरणात जमीनमालकांच्या आणि रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. मधली वर्षं त्या माणसांनी काय केलं असेल? घर आहे, हप्ता चालू आहे, पण विकता येत नाही.

आता डोंबिवलीच्या मानपाड्याकडे या. इथला इतिहास वेगळा. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ ची. आजूबाजूची २७ गावं तिच्यात होती, २००२ ला बाहेर काढली, २०१५ ला पुन्हा आत घेतली. गावाला रस्ता हवा, कर नको. पालिकेला कर हवा, पाणी देता येत नाही. या ओढाताणीत परवानगी नक्की कोणाची, हाच प्रश्न धूसर झाला आणि त्या धुक्यात इमारती उगवल्या. याच कल्याण-शीळ रस्त्याच्या टोकाला, शीळ फाट्याजवळ, ४ एप्रिल २०१३ ला बेकायदा इमारत कोसळली. ७४ माणसं गेली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्यांच्या बांधकाम परवानग्या बनावट होत्या आणि त्या बनावट कागदांवर महारेराचा नोंदणी क्रमांकही मिळवलेला होता. तिथल्या लोकांनी काय चूक केली? रेरा नंबर पाहिला, करार नोंदवला, स्टॅम्प ड्युटी भरली, बँकेने कर्जही दिलं. तरी घर रिकामं करण्याची नोटीस आली. म्हणून रेरा नंबर बघून थांबू नका. परवानगीचा कागद पालिकेच्या नगररचना खात्यात जाऊन स्वतः पडताळा. एक दिवस रजा पडली तर पडू द्या.

मग भाड्यानेच राहावं का? तोही इतिहास बघा. १ फेब्रुवारी १९७३ ला जे लिव्ह-लायसन्सवर राहत होते, त्यांना कायद्याने भाडेकरू करून टाकलं. मालक घाबरले ते आजतागायत. म्हणून अकरा महिन्यांचा करार, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड, म्हणून पोरांच्या शाळा बदलणं. स्वतःच्या फ्लॅटचा सर्वांत मोठा फायदा पैशाचा नाहीच. उद्या ‘खाली करा’ असं कोणी म्हणणार नाही, हा आहे. तो मी कमी लेखत नाही.

तोट्यातला एक राहिला, शेजारी. फ्लॅट घेताना तुम्ही शंभर कुटुंबांबरोबर भागीदारी करता. आदर्श उपविधींत दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड ०.२५ टक्के सांगितलाय. तो वाढवायचा म्हटलं की सभेत आरडाओरडा. फ्लोरिडात सर्फसाइडला २४ जून २०२१ च्या रात्री एक कॉन्डोमिनियम कोसळलं, ९८ माणसं गेली. तिथेही दुरुस्तीच्या खर्चावर रहिवाशांचे वाद वर्षानुवर्षं चालले होते. आपल्या पुढच्या वार्षिक सभेला हे आठवा.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, म्हणजे घ्यावा की नाही?)

घ्या हो! मी नको म्हणत नाहीये. पण सॅम्पल फ्लॅटमध्ये फोटो काढण्याआधी तीन कागद मागा. जमिनीचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मागच्या तीस वर्षांच्या शोधासकट. पालिकेत पडताळलेली बांधकाम परवानगी, आणि इमारत तयार असेल तर ओसी. आणि करारातलं ते पान, ज्यावर जमीन कधी, कोणाच्या नावावर होणार हे लिहिलंय. आणि तुम्ही जुन्या इमारतीत राहत असाल, तर उद्याच सेक्रेटरीला विचारा, काका, आपलं कन्व्हेअन्स झालंय का? नसेल झालं, तर अर्ज कोणी करायचा ते याच महिन्यात ठरवा. सही करणारी माणसं हयात आहेत, तोवर हे काम सोपं असतं.