चूल आणि फळा

स्मरणिकेत इतिहासाचा लेख म्हटला की वाचक लढाया, तह आणि सनावळी यांची वाट पाहतात. पालक बंधूभगिनींनो आणि विद्यार्थी मित्रांनो, यंदा मी आपल्याला दरबारात नेणार नाही, स्वयंपाकघरात नेणार आहे. मुलांनी काय खावे, ते कसे शिजवावे, त्यातून शरीराला काय मिळते, हे शाळेत शिकवावे काय आणि शिकवायचेच तर मुलींना की मुलांनाही, या प्रश्नाला सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात आपल्या समाजातील दोन थोर माणसे अगदी अग्रभागी आहेत. आपल्या घरांतून मात्र या संदर्भात त्यांचे नाव क्वचितच निघते.

पहिले नाव बेगम रोकेया सखावत हुसेन यांचे. जन्म १८८० चा, आज बांगलादेशात असलेल्या रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद गावचा. जमीनदाराचे घर, कडक पडदा, मुलींना शाळा नाही. थोरल्या भावाने रात्री घरातील मंडळी निजल्यावर तिला इंग्रजी शिकवले. पुढे याच मुलीने १९०४ च्या सुमारास बंगालीत सुगृहिणीवर एक निबंध लिहिला. नाव ऐकून वाटेल की बायकांनी चुलीपाशी राहावे असा उपदेश असेल. वाचकहो, तसे नाही. त्यांचा युक्तिवाद असा की, ज्या बाईने घरातल्यांना निरोगी अन्न द्यावे अशी अपेक्षा आहे, तिला वैद्यकाची आणि रसायनशास्त्राची तोंडओळख नको काय? परसात भाजी लावायची तर वनस्पतीचे ज्ञान नको काय? ‘मुलीला चूलच फुंकायची आहे, शिकून काय करणार’ असे म्हणणाऱ्यांचेच वाक्य त्यांनी उलटे करून त्यांच्या हाती दिले.

१९०५ मध्ये त्यांची ‘सुलतानाज् ड्रीम’ ही इंग्रजी कथा मद्रासच्या एका मासिकात आली. तीत एक स्त्रीराज्य आहे. तेथील स्वयंपाकघरात धूर नाही, कोळसा नाही. सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजते. आणि त्या राज्यात रांधण्याचे काम मर्दान्यात बसलेले पुरुष करतात! सूर्यचुलीचे कौतुक आज सर्वांना आहे. दुसऱ्या कल्पनेला मात्र आपण अजून हसून बाजूला सारतो.

पती सखावत हुसेन १९०९ मध्ये वारले. त्याच वर्षी त्यांच्या नावाने भागलपूरला पाच मुलींची शाळा निघाली. कौटुंबिक कलहामुळे भागलपूर सोडावे लागले आणि १९११ मध्ये कलकत्त्यात आठ मुलींवर ती पुन्हा सुरू झाली. तेथे भाषा-गणिताबरोबर स्वयंपाक, रुग्णशुश्रूषा, शिवण, बागकाम आणि व्यायाम हेही विषय होते. आठ मुलींच्या शाळेत बागकाम आणि व्यायाम, तेही १९११ च्या सुमारास! आजच्या आपल्या कित्येक शाळांच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावे.

रोकेयाबेगमनी स्वयंपाकाला शास्त्र लागते असे म्हटले खरे, परंतु त्या वेळी खुद्द शास्त्रच अन्नाच्या बाबतीत चाचपडत होते. बेरीबेरी या रोगाने आशियातील लाखो भात खाणारे लोक पंगू होत. पाय लुळे पडत, हृदय थकत जाई. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. १८९० नंतरच्या दशकात जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरला प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय तसेच लुळे पडलेले दिसले. त्यांना रुग्णालयातील उरलेला पांढरास्वच्छ भात घातला जात होता. तो बंद होऊन कोंड्यासह तांदूळ मिळू लागताच कोंबड्या पुन्हा चालू लागल्या. गिरणीत घासून टाकलेल्या कोंड्यातच काहीतरी होते. त्या ‘काहीतरी’ला १९१२ मध्ये फुंक या शास्त्रज्ञाने नाव दिले, ते म्हणजे व्हिटामिन. आइकमनला १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे कोकणातील वाचकांसाठी एक वाक्य. भात कांडण्यापूर्वी उकडून घेतला की कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरते आणि पुढे घासले-धुतले तरी बरेचसे टिकते. म्हणजे पाहुण्यांसमोर ठेवायला ज्याची आपल्याला लाज वाटते, तो उकडा तांदूळ आपल्या दादी-नानींनी नोबेल पारितोषिकाची वाट न पाहता शिजवला होता.

आपल्या देशात हे काम निलगिरीतील कुन्नूर येथे चालले. तेथे मॅक्कॅरिसन या डॉक्टराने १९१८ पासून बेरीबेरीचा अभ्यास आरंभला आणि पुढे एक विलक्षण प्रयोग केला. उंदरांचे गट पाडून प्रत्येक गटाला हिंदुस्थानातील एकेका प्रांताचे जेवण दिले. शिखांचा आहार, म्हणजे गव्हाच्या कोंड्यासह पोळी, दूध-लोणी, डाळ, कच्ची भाजी आणि कधीमधी मांस, हा खाणारे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले. त्यांच्यामागे पठाणी आहार, तिसऱ्या क्रमांकावर मराठी आहार. सर्वांत शेवटी मद्रासकडील धुतलेल्या पांढऱ्या भाताचा. पहिल्या गटाचे सरासरी वजन २३५ ग्रॅम भरले, तर शेवटच्याचे १५५. तिसरा नंबर आला म्हणून आपण छाती फुगवण्याचे कारण नाही. तो ज्वारी-बाजरीच्या भाकरीचा आणि भाजीचा नंबर होता. चहा-बिस्किटांचा नव्हे.

आता १९३७ साल पाहा. त्या वर्षी कुन्नूरच्या प्रयोगशाळेचे नवे संचालक एक्रॉइड यांनी हिंदी खाद्यपदार्थांतील पोषणमूल्यांची कोष्टके एका लहान पुस्तिकेत छापली. कोणत्या डाळीत प्रथिने किती, कोणत्या भाजीत लोह किती, हे प्रथमच एका जागी आणि स्वस्तात सर्वसामान्य शिक्षकाच्या हाती येऊ शकत होते. (ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली, आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच.) आणि त्याच वर्षी, २२ व २३ ऑक्टोबरला, आपल्या वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिक्षण द्यावे असे ठरले आणि अभ्यासक्रम आखण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन.

हे आपले दुसरे नाव. राष्ट्रपती म्हणून त्यांचे छायाचित्र आपण पाहिलेले आहे. पण राष्ट्रपती होण्यापूर्वी बावीस वर्षे ते जामिया मिल्लियाचे कुलगुरू होते, आणि त्याहीपूर्वी हाडाचे शिक्षक. बर्लिनची डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस तुटपुंज्या पगारावर काम करीत राहिला. त्यांच्या समितीने सूतकताई, शेती, सुतारकाम यांच्याबरोबर सामान्य विज्ञानात शरीर, आरोग्य आणि आहार यांना स्थान दिले. मात्र प्रामाणिकपणे सांगावयास हवे की याच अहवालात एक गोष्ट खटकते. चौथी-पाचवीपासून गृहशास्त्र ठेवले, ते मुलींसाठी. मुलग्यांनी वरच्या वर्गात पोळी भाजायला शिकावे असे समितीला वाटले नाही. झाकीरसाहेबांविषयी पूर्ण आदर बाळगूनही मी म्हणेन की, येथे रोकेयाबेगम त्यांच्यापेक्षा तीस वर्षे पुढे होत्या.

सुदैवाने प्रत्यक्ष शाळा अहवालापेक्षा शहाणी निघाली. सेवाग्रामला १९३८ पासून आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने जी शाळा चालवली, तिच्यात स्वयंपाकघर हाच एक वर्ग होता. मुलगे आणि मुली पाळीपाळीने तेथे काम करीत. ठरलेल्या पैशांत समतोल जेवण कसे बसवायचे, धान्य किती काढायचे, भाजी शेतातून किती येईल, उरलेले काय करायचे, याचे हिशेब मुलेच लिहीत. त्रैराशिक फळ्यावर नव्हे, तराजूवर शिकले जाई. उत्तर चुकले तर लाल शाईची खूण होत नसे. दुपारी जेवण कमी पडे. अशी परीक्षा मुलाच्या जन्मभर लक्षात राहते.

महाराष्ट्राला हे सर्वस्वी नवे नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सातारला काढलेल्या वसतिगृहात मराठा, महार, मुसलमान, जैन अशी सर्व मुले एका पंगतीला बसत आणि आपला स्वयंपाक आपणच करीत. एकदा धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तेथे हेतू पोषणाचा धडा देण्याचा नव्हता, खर्च भागवण्याचा आणि जात मोडण्याचा होता. तरी तेथून शिकून निघालेला मुलगा पीठ मळता येत नाही म्हणून कधी उपाशी राहिला नसेल.

मग हे सारे गेले कुठे? स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शाळा नावापुरत्या उरल्या. टकळी फिरवण्याचा तास तेवढा राहिला आणि पालक म्हणू लागले, ‘आमच्या मुलाला सूत कातायला पाठवले नाही, साहेब व्हायला पाठवले आहे.’ आहाराचा विषय दोन ठिकाणी वाटला गेला. विज्ञानाच्या पुस्तकातील एक प्रकरण सर्वांसाठी, आणि गृहशास्त्र मुलींसाठी. प्रकरणात जीवनसत्त्वांचा तक्ता असतो. मुले तो पाठ करतात, पाच गुण मिळवतात आणि मधल्या सुट्टीत कुरकुऱ्यांचे पाकीट फोडतात.

अन्न मात्र शाळेत आले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना सुरू झाली, तेव्हा महिन्याला तीन किलो धान्य घरी नेण्यास मिळे. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले जेवण देणे बंधनकारक झाले आणि आपल्याकडे खिचडीची डेगची चुलीवर चढली. २०२१ मध्ये योजनेचे नाव पंतप्रधान पोषण असे बदलले. या डेगचीचे उपकार कोणी विसरू नये. सकाळी केवळ चहावर शाळेत येणारी मुले मी रोज पाहतो. पण एक फरक लक्षात घ्यावा. सेवाग्रामला मुले हिशेब करून जेवत. आपल्याकडे ताट पुढे येते, मूल खाते, हात धुते आणि वर्गात येऊन जीवनसत्त्वांचा तक्ता पाठ करते. डेगची आणि तक्ता यांची भेटच होत नाही.

ही भेट न होण्याची किंमत लहान नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलग्यांपैकी ३१ टक्के रक्तक्षयाने ग्रासलेले आहेत. मुलींना गृहशास्त्र शिकवूनही ही दशा, कारण ताटातील बोटी कोणाच्या वाटणीला जाते हे पुस्तकात लिहिलेले नसते, आणि ज्याच्या वाटणीला जाते त्याला कोणी शिकवलेले नसते. जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातील लोह अंगी कमी लागते, लिंबू पिळले तर अधिक लागते. बिनखर्चाची ही गोष्ट आहे, परंतु चहा करणाऱ्या आईइतकीच ती चहा मागणाऱ्या बापालाही कळायला हवी. पोटाचे तीन हिस्से सांगणारी हदीस आपल्या घराघरांत ठाऊक आहे. दस्तरखानावर बसलेल्या प्रत्येकाला ती लागू आहे.

मी आमच्या सातवीच्या वर्गात एक लहानसा प्रयोग केला, तो सांगतो. योजनेच्या नियमाप्रमाणे सहावी ते आठवीच्या एका मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल लागते. चाळीस जणांचे गणित मुलांनी केले : तांदूळ सहा किलो, डाळ एक किलो दोनशे, भाजी तीन किलो, तेल तीनशे ग्रॅम. मग स्वयंपाकीण बाईंच्या परवानगीने तराजू घेऊन आम्ही व्हरांड्यात बसलो. तीन किलो भाजीचा ढीग पाहून मुले थक्क झाली. एवढी भाजी आपण खातो यावर विश्वासच बसेना. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, हे तर मुलींचे काम.’ मी म्हटले, मुली निवडतील, तू मोज. नंतर अदलाबदल केली. मेथी निवडायला त्याला मुलींच्या दुप्पट वेळ लागला आणि वर्गाने त्याची यथेच्छ थट्टा केली.

पुढच्या आठवड्यात तोच मुलगा सांगत आला की त्याने घरी डाळ शिजवली. आई तापाने पडली होती. डाळीत मीठ दोनदा पडले. अब्बांनी नाक मुरडले, पण दादीने लिंबू पिळून वाटीभर खाल्ली आणि विचारले, ‘उद्या काय करणार?’ त्याचे उत्तर शोधायला तो वहीचे मागचे पान उघडून माझ्यापुढे उभा होता.