पगाराच्या अलीकडे-पलीकडे

12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी नाशिक जिल्ह्यातल्या मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांचे विधान तिथलेच. ते पुढे खूप गाजले. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र त्या भाषणातला कमी गाजलेला भाग आधी वाचावा. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो, हे बाबासाहेबांनी तिथे कारणांसह मांडले. साध्या पोर्टरची जागाही त्याला मिळत नाही. स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला राबवतो, आणि अस्पृश्याला घरात घेणार कोण? कापडगिरण्यांतही जास्त मजुरीचे विणकाम खाते त्याला बंद. नोकरी आहे, पगार आहे, पण बढतीची वाट जन्मानेच बुजवलेली, अशा माणसाची कामावरची उमेद कशावर टिकायची?

आमची पाठ्यपुस्तके कामावरच्या प्रेरणेचा हा विषय शिकागोजवळच्या कारखान्यातल्या प्रयोगांपासून सुरू करतात. या पुस्तकाची सुरुवात मनमाडपासून केली आहे आणि त्यात स्थानिक अभिमानाचा भाग आहे, हे नाकारत नाही. पण मुख्य कारण वेगळे आहे. गरज आणि प्रेरणा यांविषयीचे बहुतेक सिद्धांत वाचताना एकच प्रश्न हाताशी ठेवावा लागतो: हे कोणाला विचारून ठरवले? तो प्रश्न मनमाडला आपोआप सुटतो, कारण तिथे बोलणारे आणि ऐकणारे दोघांनीही ही अडवणूक भोगली होती.

आता अब्राहम मॅस्लो. त्याचा प्रेरणेवरचा प्रसिद्ध लेख 1943 चा. अन्नपाण्यासारख्या शारीरिक गरजा, सुरक्षितता, प्रेम व आपलेपणा, मान आणि शेवटी आपल्यातल्या क्षमतांचे सोने करण्याची ओढ, असे पाच गट त्याने मांडले. व्यवस्थापनाच्या प्रत्येक पुस्तकात आज जो त्रिकोण दिसतो तो मॅस्लोने काढलेला नाही. ते पुढच्या काळातल्या व्यवस्थापन सल्लागारांचे काम. त्रिकोणामुळे असे वाटते की खालची पायरी पूर्ण झाल्याशिवाय वरची सुरूच होत नाही. मूळ लेखात मॅस्लो इतका कडक नाही. एका कृतीमागे अनेक गरजा असतात, क्रम उलटा होऊ शकतो, एखाद्या मूल्यासाठी माणूस सर्वस्व सोडतो, हे सगळे तो स्वतःच नोंदवतो. विद्यार्थ्यांनी मूळ लेख वाचावा, असा आग्रह मी यासाठीच धरतो. त्रिकोण परीक्षेला पुरतो, नाशिकला पुरत नाही.

का पुरत नाही, तेही सांगतो. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. नाशिकची आघाडी दादासाहेब गायकवाडांनी सांभाळली आणि लढा पाच वर्षे रेंगाळत, पेटत चालला. सत्याग्रही बहुतेक खेड्यांतले, पोट हातावर असलेले. त्रिकोणाच्या हिशोबाने त्यांनी आधी भाकरीची सोय पाहायला हवी होती. त्यांनी मार खाल्ला, गावांतला जाच सोसला आणि मंदिराच्या दारात उभे राहिले. मंदिरात गेल्याने आपले सगळे प्रश्न सुटतील असा भ्रम बाबासाहेबांना नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी ते स्पष्ट केले होते. त्यांना समोरच्या समाजाची परीक्षा घ्यायची होती. पोट रिकामे असताना माणूस मानासाठी लढतो, याला अपवाद म्हणून तळटीपेत टाकणे मला मान्य नाही. जिथे भाकर कोणाला किती मिळणार हे मानावरूनच ठरते, तिथे मानाची लढाई ही भाकरीचीही लढाई असते. मनमाडचे गँगमन आणि पोर्टर हेच सांगत होते.

हेच बाबासाहेब पुढे 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातला आठवडा 48 तासांवर आणणारी दुरुस्ती 1946 ची. मग 1948 चा कारखाना कायदा आला. पिण्याचे पाणी, हवा, उजेड, शौचालये, अडीचशेहून अधिक कामगार असतील तर कॅन्टीन, असा त्याचा तपशील. अकरा वर्षांनी, 1959 मध्ये, फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितले की पगार, कामाची परिस्थिती, देखरेख या गोष्टी बिघडल्या तर माणूस नाराज होतो, पण त्या सुधारल्या म्हणून तो कामात रमेलच असे नाही. त्यासाठी कामातच जबाबदारी, यश आणि कौतुक लागते. विचार मोलाचा आहे. फक्त एवढे लक्षात ठेवावे की त्याने प्रश्न विचारले ते पिट्सबर्गच्या सुमारे दोनशे अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना. सिन्नरला घरी बसून विडी वळणाऱ्या बाईला कोणी विचारले नव्हते. तिची मजुरी हजार विड्यांमागे ठरते आणि त्यातल्या खराब म्हणून किती बाजूला काढायच्या हे दुसराच कोणी ठरवतो. तिच्या लेखी पगार आणि मान या दोन वेगळ्या याद्या नाहीत. विड्या बाजूला काढल्या जातात त्या क्षणी दोन्ही एकदमच कमी होतात.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. एकाच लाइनवर, एकाच शिफ्टला, एकाच सुपरवायझरखाली पर्मनंट आणि कंत्राटी कामगार शेजारी शेजारी उभे असतात. ‘पर्मनंट झाला का?’ हा प्रश्न कारखान्यात जितका विचारला जातो तितकाच मुलगी बघायला गेल्यावरही विचारला जातो. ही सुरक्षिततेची गरज म्हणायची, आपलेपणाची की मानाची? ज्या सिद्धांताला हा प्रश्न झेपत नाही तो दुरुस्त करायला हवा, कामगार नव्हे.

परदेशी संशोधनाकडे पाठ फिरवा असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 पासून झालेले प्रयोग, त्यांच्या निष्कर्षांवर आजही चाललेले वाद, एडवर्ड डेसीचा 1971 चा कोड्यांचा प्रयोग (पैसे दिल्यावर विद्यार्थ्यांची कोडे सोडवण्याची आपली हौस ओसरली) हे सगळे या पुस्तकात आहे आणि आवडीने लिहिले आहे. पण मला सर्वांत जवळचे वाटते ते अहमदाबादच्या कॅलिको गिरणीतले काम. 1953 मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. स्वयंचलित मागांवर प्रत्येकाला कामाचा एक तुकडा वाटून दिलेला. जबाबदारी कोणाचीच नाही आणि कापड खराब. मागांचा एक संच एका छोट्या गटाकडे सोपवावा अशी कल्पना पुढे आली, तेव्हा कामगारांनी स्वतःच आपापले गट पाडले. उत्पादन वाढले, खराबी घटली. पुढे काही ठिकाणी ते गट टिकले, काही ठिकाणी विरले. दोन्हींची कारणे तितकीच शिकवणारी आहेत. भारतीय कामगाराला धाक दाखवल्याशिवाय काम होत नाही, असे म्हणणारे व्यवस्थापक मला अजून भेटतात. त्यांना मी हे प्रकरण वाचायला देतो.

या विषयाकडे येणारे आपल्यापैकी बरेच जण नोकरी सांभाळून शिकणारे असतात, मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांवर रविवारी भेटणारे. त्यांनी स्वतःला विद्यार्थी समजावेच, पण साक्षीदारही समजावे. ओव्हरटाइम, वेतनकरार, बोनसची बोलणी यांतली तुमची माहिती या पुस्तकाच्या लेखकापेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे. प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचा. जोडीला बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही 1963 ची कथा ठेवा. बागुल नाशिकजवळच्या विहितगावचे, आणि नोकरी मिळूनही माणूस कामावर आपला का होत नाही हे त्यांच्याइतके थेट कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

एक काम मात्र पुस्तक उघडण्याआधी करावे. हर्झबर्गने विचारलेला प्रश्न आपल्या भाषेत एखाद्या सहकाऱ्याला विचारा: कामावर तुम्हाला फार बरे वाटले असा प्रसंग कोणता, आणि फार वाईट वाटले असा कोणता? सुपरवायझर जवळ नसताना विचारा. उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, त्यात स्वतःची भर घालू नका, आणि तिसरे प्रकरण त्यानंतरच वाचायला घ्या.