कर्क्युमिन : कर्कपेशींतील दाहावर होणारा परिणाम

कर्क्युमिन : हळकुंडाला पिवळा रंग देणारे पॉलिफिनॉल वर्गातील संयुग. सुक्या हळदीत ते वजनाच्या सुमारे ३ टक्के असते. १८१५ मध्ये ते प्रथम वेगळे काढण्यात आले. १९१० मध्ये त्याची रासायनिक संरचना ठरली. भाजी-आमटीतल्या चिमूटभर हळदीतून जेमतेम काही मिलिग्रॅम कर्क्युमिन पोटात जाते. पूरक म्हणून मिळणाऱ्या गोळीत त्याचा अर्क शेकडो मिलिग्रॅम असतो, म्हणून दोन्हींना एकच मानू नये.

जखम भरून आली की दाह ओसरतो. अनेक कर्कपेशींत मात्र तो चालूच राहतो आणि त्यामागे बहुधा एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन असते. एरवी आयकॅपाबी नावाचे दुसरे प्रथिन त्याला केंद्रकाबाहेर अडवून धरते. दाहाचा संदेश आला, की आयकेके हे विकर आयकॅपाबीवर फॉस्फेट चढवते, आयकॅपाबी नष्ट होते आणि मोकळे झालेले एनएफ-कॅपा-बी केंद्रकात शिरते. तिथे ते दाह वाढवणाऱ्या इंटरल्यूकिन-६ व कॉक्स-२ यांची जनुके आणि पेशीला मरू न देणारी जनुके चालू करते. कर्क्युमिन ही साखळी आयकॅपाबी नष्ट होण्याआधीच तोडते, असे ह्यूस्टन येथील संजय सिंग व भरत अगरवाल यांनी १९९५ मध्ये रक्तकर्काच्या पेशींवर दाखवले. अगरवाल यांच्या प्रयोगशाळेचे अनेक शोधनिबंध पुढे मागे घेण्यात आले. पण हा परिणाम इतरत्रही, आतड्याच्या पेशींत, दिसला आहे.

खरी अडचण प्रयोगशाळेत पेशी वाढवतात त्या बशीबाहेर सुरू होते. बशीत साधारण १० ते ५० मायक्रोमोलर कर्क्युमिन वापरतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना रोज ८ ग्रॅम देऊनही रक्तातली पातळी याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपासच राहिली. आतडे ते फारसे शोषत नाही. जे शोषले जाते त्याचे रूप यकृत झपाट्याने बदलते. शिवाय कर्क्युमिन स्वतः चमकते आणि अनेक प्रथिनांना चिकटते, त्यामुळे चाचण्यांत खोटा परिणामही दिसू शकतो. बशीतल्या यशावरून गोळीची जाहिरात करणे म्हणूनच गैर आहे.

मोठ्या आतड्याच्या अस्तराशी मात्र न शोषलेल्या कर्क्युमिनचा थेट संबंध येतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत धूम्रपान करणाऱ्यांना ३० दिवस रोज ४ ग्रॅम कर्क्युमिन दिले. कर्करोगपूर्व मानल्या जाणाऱ्या सूक्ष्म विकृती ४० टक्क्यांनी घटल्या. पण दाहाची खूण असलेले प्रोस्टाग्लँडिन ई-२ अस्तरात कमी झाले नाही. मग विकृती कशामुळे घटल्या? दाह शमल्यामुळे, असे या चाचणीवरून म्हणता येत नाही.

शोषण वाढावे म्हणून गोळीत मिऱ्यातील पायपरिन घालतात. त्याने इतर औषधांची रक्तातली पातळीही बदलू शकते. अशा गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. २००२ मधील एका अभ्यासात कर्क्युमिनने उंदरांतील स्तनाच्या गाठींवर सायक्लोफॉस्फामाइड या केमोथेरपीच्या औषधाचा परिणाम कमी केला. केमोथेरपी चालू असताना ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.