दोन साप्ताहिकं, एक निकाल

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये दुपारी दीड वाजता एक टेबल ठरलेलं असतं. तिथे माझ्याबरोबर दोन मित्र जेवतात. दोघंही उत्तम इंजिनियर, दोघांच्याही डब्यात आठवड्यातून तीनदा बटाट्याची भाजी. एक डावीकडे झुकलेला, दुसरा उजवीकडे. आपण त्यांना डावा आणि उजवाच म्हणू.

मागे एका विनोदी कलाकाराचा कार्यक्रम रद्द झाला, तेव्हा डावा दोन दिवस नीट जेवला नाही (म्हणजे जेवला, पण बडबडत). उजव्याचं म्हणणं, "अरे, बोलायला काही मर्यादा असतात की नाही?" पंधरा दिवसांनी उजव्याच्या आवडत्या वक्त्याचं व्याख्यान रद्द झालं. मग उजवा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बोलायला लागला, आणि डावा म्हणाला, "मर्यादा असतात की नाही?" वाक्यसुद्धा तेच! कॉपी-पेस्ट.

मी मध्ये बसून मुकाट भाजी खाल्ली. मुकाट का, ते शेवटी सांगतो. पण त्या रात्री मला १९५० सालचे दोन खटले आठवले. हे खटले कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात, आपल्यासारख्यांना मात्र कुणी कधी सांगत नाही.

तेव्हा मुंबईतून 'क्रॉस रोड्स' नावाचं एक इंग्रजी साप्ताहिक निघायचं. चांगलंच डावं. संपादक रोमेश थापर (इतिहासकार रोमिला थापर यांचे भाऊ). नेहरू सरकारवर, विशेषतः परराष्ट्र धोरणावर, ते सडकून टीका करायचं. मद्रास प्रांतात त्या वेळी कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती. फेब्रुवारी १९५० मध्ये सेलमच्या तुरुंगात गोळीबार होऊन २२ कम्युनिस्ट कैदी मारले गेले होते. वातावरण किती तापलं असेल, विचार करा. १ मार्च १९५० ला मद्रास सरकारने हुकूम काढला: क्रॉस रोड्सला आमच्या हद्दीत प्रवेश नाही. राज्यघटना लागू होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते.

दुसऱ्याच दिवशी, २ मार्चला, दिल्लीत दुसरा हुकूम निघाला. हा 'ऑर्गनायझर'साठी. संघाच्या विचारांचं साप्ताहिक, संपादक के. आर. मलकानी. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते, आणि ऑर्गनायझर पाकिस्तानवर तुटून पडत होतं. हुकूम असा की जातीय स्वरूपाचा सगळा मजकूर आणि पाकिस्तानविषयीच्या बातम्या, मतं, फोटो, अगदी व्यंगचित्रंसुद्धा, छापण्याआधी दोन प्रतींत सरकारला दाखवायची. सरकारी सूत्रांकडून आणि ठरावीक वृत्तसंस्थांकडून आलेला मजकूर तेवढा वगळून. थोडक्यात, प्रॉडक्शनला जाण्याआधी कोड रिव्ह्यू, आणि रिव्ह्यूअर तोच, ज्याचे बग तुम्ही दाखवताय.

थापर आणि मलकानी. एक जन्मले लाहोरला, दुसरे सिंधमधल्या हैदराबादला. दोघंही तेव्हा अठ्ठाविशीच्या आसपासचे, म्हणजे आज माझं आहे तेवढंच वय. एकमेकांचे विचार त्यांना अजिबात मान्य नसणार. पण दोघांची साप्ताहिकं थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. ऑर्गनायझरची बाजू मांडायला उभे होते हिंदू महासभेचे नेते एन. सी. चटर्जी. (त्यांचे चिरंजीव सोमनाथ चटर्जी पुढे मार्क्सवादी पक्षाचे खासदार आणि लोकसभेचे अध्यक्ष झाले. एवढी गंमत कुठल्या कादंबरीत घातली असती तर आपण 'फारच ओढून ताणून' म्हटलं असतं.)

२६ मे १९५० ला दोन्ही निकाल एकाच दिवशी लागले. सहा न्यायाधीश, त्यातले न्या. फजल अली विरोधात. बहुमताचा निकाल न्या. पतंजली शास्त्रींनी लिहिला. दोन्ही साप्ताहिकं जिंकली.

आता यातला मला सगळ्यात आवडलेला भाग. खरा युक्तिवाद थापर यांच्या खटल्यात आहे. कलम १९(२) मध्ये तेव्हा बोलण्यावर बंधन घालायची मोजकीच कारणं होती: बदनामी, न्यायालयाचा अवमान, सभ्यता-नीतिमत्ता, आणि राज्याची सुरक्षितता धोक्यात आणणं किंवा राज्य उलथवणं. 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे कारण त्यात नव्हतंच. न्यायालय म्हणालं, गल्लीतली मारामारी आणि राज्य उलथवणं या एका मापाच्या गोष्टी नाहीत. ज्या कायद्याचा वापर घटनेने दिलेल्या कारणांपलीकडे होऊ शकतो, तो टिकणार नाही. मग मलकानींच्या साप्ताहिकाचा खटला. तिथे निकाल बराच आटोपशीर आहे, कारण तो म्हणतो की कारणं थापर खटल्यात दिलीच आहेत. म्हणजे संघाच्या साप्ताहिकाचं स्वातंत्र्य एका कम्युनिस्ट विचारांच्या साप्ताहिकाच्या निकालावर उभं होतं. आमच्या भाषेत डिपेंडन्सी. वरचं काढलं तर खालचं चालत नाही.

हे काढायचं कामही लगेच झालं. वर्षभरात, मे १९५१ मध्ये, नेहरूंनी पहिली घटनादुरुस्ती आणली. तिच्यात जमीनसुधारणा आणि आरक्षणाचेही विषय होते आणि ते महत्त्वाचेच होते, पण १९(२) मध्ये तीन नवी कारणं घातली गेली: सार्वजनिक सुव्यवस्था, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, आणि गुन्ह्याला चिथावणी. वर, हे बदल सुरुवातीपासूनच घटनेत होते असं समजावं, अशीही तरतूद केली. गिट वापरणाऱ्यांना कळेल. फोर्स पुश!

ही हंगामी संसद होती, सार्वत्रिक निवडणूक व्हायचीच होती. संपादकांच्या परिषदेने विरोध केला. सभागृहात श्यामाप्रसाद मुखर्जी कडाडून विरोधात बोलले, कृपलानी आणि कुंझरूही. सरकारची बाजू लढवणाऱ्यांत कायदामंत्री डॉ. आंबेडकर होते. हे वाचून आपल्या डोक्यातल्या कप्प्यांची जरा पंचाईत होते. उदारमतवादी नेहरू निर्बंध मागतायत, हिंदुत्ववादी मुखर्जी स्वातंत्र्य मागतायत, आणि घटनेचे शिल्पकार दुरुस्तीच्या बाजूने. माझ्या मते नेहरूंची भीती खोटी नव्हती. दंगलींत माणसं मरताना त्यांनी पाहिली होती. पण भीती खरी असली म्हणून औषध बरोबर असतंच असं नाही. विरोधकांच्या दबावामुळे एक चांगली गोष्ट झाली. 'निर्बंध' या शब्दाच्या आधी 'वाजवी' हा शब्द आला. दुरुस्ती २२८ विरुद्ध २० मतांनी मंजूर झाली. आज न्यायालयात जो काही युक्तिवाद होतो तो बहुतेक त्या एका 'वाजवी'वरच होतो.

पंचवीस वर्षांनी आणीबाणी आली. मलकानींना पहिल्याच रात्री उचललं. थापर एके काळी इंदिरा गांधींच्या मित्रवर्तुळातले, पण त्यांच्या 'सेमिनार' मासिकाला मजकूर आधी तपासून घ्या म्हटल्यावर त्यांनी मासिकच बंद ठेवलं. १९५० चे दोन्ही फिर्यादी पुन्हा एकाच बाजूला! आणि त्याच वेळी भारतीय कम्युनिस्ट पक्ष आणीबाणीला पाठिंबा देत होता. (मार्क्सवादी विरोधात होते, हे सांगायला हवं, नाहीतर डावा मला सोडणार नाही.)

नंतरची यादी तर आपल्या घरची आहे. १९९८ मध्ये राज्यातल्या युती सरकारने 'मी नथुराम गोडसे बोलतोय' थांबवलं, म्हणजे चक्क शिवसेना-भाजपने. २००३ मध्ये बंगालच्या डाव्या सरकारने तस्लिमा नसरीन यांच्या 'द्विखंडित'वर बंदी घातली. जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, हस्तलिखितांची नासधूस झाली, आणि आघाडी सरकारने बंदी घातली ती जेम्स लेनच्या पुस्तकावर. त्या पुस्तकाचं समर्थन मला अजिबात करायचं नाही, पण मोडतोड झाली पुण्यातल्या ग्रंथालयाची. सहा वर्षांत सगळ्या रंगांची सरकारं झाली, आणि तिन्ही बंद्या पुढे न्यायालयांनी उठवल्या. नाटकाची २००१ मध्ये, नसरीन यांची २००५ मध्ये, लेनची अखेर २०१० मध्ये.

आमच्या धंद्यातलं उदाहरण म्हणजे आयटी कायद्याचं कलम ६६अ. डिसेंबर २००८ मध्ये काँग्रेसच्या काळात संसदेत चर्चेविना मंजूर. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना त्याखाली अटक झाली, एक फेसबुक पोस्ट लिहिली म्हणून आणि दुसरीने ती लाइक केली म्हणून. पुढे सरकार बदललं, तरी नव्या सरकारने न्यायालयात त्या कलमाचा बचावच केला. मार्च २०१५ मध्ये ते रद्द झालं.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सांगितलं. डावा म्हणाला, "नसरीनची केस वेगळी होती." उजवा म्हणाला, "नथुरामच्या वेळची परिस्थिती वेगळी होती." असो.

आता मी मुकाट का होतो ते. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी गॅदरिंगच्या कमिटीत होतो. पहिल्या वर्षाच्या एका पोराने स्किट लिहिलं होतं. त्यात एका नेत्यावर तीन वाक्यं होती. तो नेता तेव्हा मला फार आवडायचा. कुणी तक्रार केली नव्हती, प्राचार्यांनी विचारलंही नव्हतं. मी स्वतःच लाल पेनने तिन्ही वाक्यं काढली आणि म्हटलं, "उगाच वाद नकोत." पुढच्या वर्षी आमच्या ग्रुपचं पोस्टर कॉलेजने भिंतीवरून उतरवलं, तेव्हा मी फेसबुकवर दोन पानी निबंध लिहिला होता. त्यात व्होल्तेअरही होता. स्किट तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

हा लेख लिहिताना त्या पोराचा नंबर शोधून फोन केला. तो आता बंगळुरूला असतो. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, ती तीन वाक्यं कुठली होती रे? मला आठवत नाहीत. त्याने एका दमात तिन्ही म्हणून दाखवली.

"तशी काही भारी नव्हती दादा," तो म्हणाला. "मीच नंतर काढली असती कदाचित."

खरंच भारी नव्हती. दुसऱ्या वाक्याला मात्र मला हसू आलं.